भिंतीवरची पाटी

माझं माहेर सतवासचं. वडील देवळात पोथी सांगायचे आणि मी खांबाला टेकून ऐकायची. शाळेत मात्र गेले नाही, धाकट्यांना कडेवर घ्यायला कुणीतरी हवंच होतं. काय सांगू तुम्हाला, ऐकलं की पाठ, असं डोकं होतं. लग्न होऊन देवासला आले तर सासूबाईंनी पहिल्याच सकाळी पोथी हातात दिली, वाच म्हणाल्या, आणि ही शहाणी बसली की वाचायला. नशीब, तीच पोथी होती, वडिलांचीच. पान कुठं उलटायचं तेही बघून ठाऊक. सासूबाई आळीभर सांगत सुटल्या, सून शिकलेली आहे हो. तिथून रोज सकाळी पोथी पुढ्यात घ्यायचं जे सोंग चढलं ते उतरलंच नाही.

हे गेल्यावर मी चार घरी स्वयंपाक केला, पुष्कळ वर्षं केला. मुलगाही गेला, मग मी आणि सून. पुढं डोळे गेले, एकदम नाही, आधी कडेचं दिसेना, मग समोर धुकं. एका घरी भातात अळी निघाली आणि निरोप आला, काकू, उद्यापासून राहू द्या. मग दुसऱ्या घरून. सून म्हणाली, आई, सरकारी दवाखान्यात शिबिर आहे, डोळ्यांचा दाखला झाला तर पेन्शन लागेल, माझ्या शिलाईवर दोघींचं भागत नाही.

गेलो. लाईन ही लांब. डॉक्टर एकेकाला म्हणत, सामने बोर्ड है, ऊपर से पढ़ो. मला घाम फुटला. अक्षरं धुरकट म्हणून नाही हो, स्वच्छ दिसली असती तरी मला काय कळणार होतं, आणि शेजारी सून उभी. साठीची बावळट, पण भीती सोळाव्या वर्षाचीच. पुढचे सात-आठ जण वाचत होते ते ऐकून घेतलं. माझा नंबर आला, डॉक्टर म्हणाले, पढ़िए माताजी, आणि मी भिंतीकडे तोंड करून घडाघडा म्हटलं, पार खालच्या बारीक ओळीपर्यंत. एक डोळा झाकून म्हटलं, दुसरा झाकून म्हटलं. अरे भिया, डॉक्टर खूश, माताजी की नज़र तो हमसे अच्छी है. दाखला नामंजूर. सून तरातरा पुढं चालत घरी आली. तिला वाटलं, मला दिसतंय आणि मी काम टाळतेय. पाच वर्षं तसंच वाटलं तिला, आणि मी वाटू दिलं. खरं सांगायचं तर पोथीचंही सांगावं लागलं असतं ना.

गेल्या पौषात उकळत्या आधणात हात गेला माझा, तेव्हा सांगितलं. ती हाताला तूप लावत होती, थांबली, म्हणाली, आई, मग रोज सकाळी काय वाचत होता?

परत नेलं तिनं. या खेपेला मी दारातूनच म्हटलं, मुझे पढ़ना नहीं आता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो क्या हुआ, न शिकलेल्यांची पाटी वेगळी असते, खुणांची, खुणेचं तोंड कुठं ते बोटानं दाखवायचं. तेव्हाही होती म्हणे, त्याच भिंतीवर, शेजारीच. आता मला भिंतच दिसेना. काचबिंदू, इकडे काला मोतिया म्हणतात, त्या वेळी कळतं तर उरलेलं राखता आलं असतं म्हणाल्या.

दाखला झाला, पेन्शन येते. सून सगळं करते, एका शब्दानं बोलत नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

सुखी राहा हो, डोळे जपा. आणि हे लिहिलंत ते एकदा सावकाश वाचून दाखवा, पाठ होईल माझं. मग कुणी आलं की कागद पुढं धरून वाचून दाखवीन. तेवढा सुलटा हातात द्या म्हणजे झालं.