दर एक तारखेचा फोन

बँकेच्या रांगेत शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या पुढे एक बाप आणि त्याची तरुण लेक उभी होती. चोरून ऐकायची बाईंना सवय नव्हती, पण मध्ये हातभरही अंतर नव्हतं.

"मला नोकरी लागली, बाबा. माझी पोटगी संपली. आपोआप जाणारे पैसे आज बंद करून टाका."

"त्यासाठीच आलोय. तू कशाला आलीस?"

"आई म्हणाली, समोर उभी राहा, नाहीतर ते करायचे नाहीत."

"ओळखते मला."

"एक विचारू? पैसे वेळेवर यायचे. तरी मी दर एक तारखेला फोन करून आले नाहीत म्हणायचे."

"आणि मी बघतो म्हणायचो."

"कळायचं नाही तुम्हाला?"

"पैसे गेल्याचा मेसेज सकाळीच यायचा."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर पुढच्या महिन्यात फोन केला असतास?"

बाईंनी उगाच पासबुक चाळलं. रांग सरकली.

"आता एक तारखेला मी फोन करीन," बाप म्हणाला.

"काय सांगाल?"

"पैसे गेले नाहीत म्हणून."

काउंटरवर त्यांची पाळी आली.

"बघते," लेक म्हणाली.