अकराची वेळ घड्याळवाल्यांची

— नाही हो, असं बोट दाखवून काय उपयोग, आतली खुर्ची रिकामी दिसते म्हणून ती तुमची होत नाही. तुम्ही बोलू नका, गाल केवढा सुजलाय तुमचा, नुसती मान हलवा, मला कळतं — या दवाखान्यात निम्मे लोक मानेनंच बोलतात. बारापासून पुढं सगळं भरलंय, आणि अकराची वेळ घड्याळवाल्यांची. उद्या? उद्याही अकरा त्यांचेच. परवाही. पुढच्या वर्षीही. हसू नका, दुखेल.

त्याचं असं झालं — आतले डॉक्टर म्हणजे माझा धाकटा भाऊ, त्यानं वही बंद केली आणि हे कॉम्प्युटरवरचं शीट आणलं. म्हणाला, ताई, एक तारीख टाक, चौकटीच्या कोपऱ्यात बारीक ठिपका आहे तो धर आणि खाली ओढ, पुढच्या तारखा आपोआप येतील. आणि येतात हो खरंच, मला तर गंमतच वाटली, मी ओढत सुटले. आता शेजारच्या चौकटीत घड्याळवाल्यांचं नाव होतं — कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे ना, ते — बिचारे एकदाच दात साफ करायला येणार होते, पण तारखेबरोबर नावही माझ्या हातून ओढलं गेलं. तारीख ओळीओळीनं पुढं सरकते, नाव आपलं तेच. तेवढ्यात फोन वाजला, एका हातात फोन, दुसऱ्या हाताचं बोट काही सुटेना, फोन ठेवून बघते तर पुढचं शतक लागलेलं. म्हणजे माणूस गेला तरी त्याच्या दातांची सोय झालेली.

आणि शीटमध्ये ज्याचं नाव, त्याला रोज सकाळी मोबाइलवर निरोप जातो, आज अकराला या. ते आले. दुसऱ्या दिवशीही आले. मी म्हटलं, अहो, चुकून झालंय, तर म्हणाले, बाई, आमच्या धंद्यात दिलेली वेळ चुकवत नाहीत. आणि माझा भाऊ — तो शीट बघतो, माणूस बघत नाही — नाव आहे ना, मग आ करा. रोज आ करा. इतके घासले त्यानं ते दात की घड्याळवाले हसले की मीच डोळे मिचकावते. पुढं पुढं आत काही कामच उरलं नाही, दोन मिनिटांत बाहेर, मग या इथं, तुम्ही बसलात तिथंच, बसायचे. ते भिंतीवरचं घड्याळ त्यांनीच दुरुस्त केलं. मग ते बिघडलं, पुन्हा केलं. पुन्हा बिघडलं. घड्याळ एवढं कसं बिघडतं? स्टुलावर चढावं लागतं हो मला त्यासाठी, सोपं नाही.

नाव काढायचं ना — कळलं मला, भुवया कशाला उडवताय. एक बटण दाबलं की निघतं. पण दिवसभर कामं किती असतात, कोण काढत बसणार. आणि काल माझ्या या हुशार भावाला एकाएकी जाग आली, म्हणतो, काका, तुमचे दात ठणठणीत आहेत, उद्यापासून येऊ नका. घड्याळवाल्यांनी माझ्याकडं बघितलं, मी शीटकडं बघितलं. ते म्हणाले, मग नाव काढून टाका. मी म्हटलं, बरं. बरं म्हणायची काय गरज होती मला? कोणी विचारलं होतं? रात्रभर त्या ‘बरं’नं मला झोपू दिलं नाही, खोटं नाही सांगत. नाव आहे अजून, हे बघा. सकाळचा निरोपही गेलाय. तरी आले नाहीत. दाराकडं बघून मान अवघडली माझी.

काय? फोन करू म्हणता? तसा नियम आहे म्हणा, वेळ चुकवली की फोन करायचा. नियम मीच केलाय, पण नियम तो नियम. थांबा, लावते — वाजतोय तिकडं. हॅलो? हो, दवाखान्यातूनच बोलतेय. अहो, तुमची अकराची वेळ होती. नाही, नाव नाही काढलं. नाही, काढणार पण नाही. दातांचं? नाही हो, दातांचं काही नाही — अहो, तुम्ही काय ऐकत बसलात, खुर्ची मोकळीच आहे, जा ना आत. आणि दार लावून घ्या.