कवडूजींची चौदा मिनिटे

रविवार, ता. ६ ऑक्टोबर १९२९. नागपूर.

या वहीला हात लावून साडेचार महिने झाले. कारणे पुष्कळ देता येतील, पण ती तपासून पाहिली तर सगळी आळसाच्याच घरी मुक्कामाला जातात; तेव्हा माफी मागून मोकळा होतो. आज मिलच्या पटांगणात कवडूजी पराते यांच्या निरोप समारंभात बोललो. जसे बोललो तसेच, मागाहून शहाणपण न घालता, उतरवून ठेवतो.

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या मिलचे मॅनेजरसाहेब. व्यासपीठावर विराजमान झालेले वकील मधुकरराव. आजचे सत्कारमूर्ती कवडूजी. त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई, ज्या बोलावूनही व्यासपीठावर आल्या नाहीत आणि सतरंजीवर बसून व्यासपीठावर नजर ठेवून आहेत. आणि सर्व खात्यांतील बंधुभगिनींनो,

मी आपल्या मिलचा हेडक्लार्क. माझे काम लिहिण्याचे. बोलताना खोडता येत नाही, म्हणून मला बोलण्याची भीती वाटते. अध्यक्षमहाराजांना मराठी येत नाही. तरी ते तासभर ताठ बसून आहेत, याबद्दल आधी त्यांचे आभार मानतो.

माझ्याआधी मधुकरराव चाळीस मिनिटे बोलले. भांडवलशाही, यंत्रयुग आणि साम्राज्यशाही या तिघी एका घरातल्या जावा आहेत, असे त्यांनी सांगितले. मी इथे बसलो होतो, तरी पंचफुलाबाईंनी शेजारणीला विचारलेले मला ऐकू आले, "कोनाच्या घरच्या जावा वं ह्या?" प्रश्न रास्त आहे. मधुकररावांचे बोलणे विद्वत्तेचे होते, पण घराचा पत्ता राहून गेला. तो पत्ता मला ठाऊक आहे. आपल्या बॉयलरघराशेजारची ती खोली, जिथे भोंग्याची साखळी लोंबते. कवडूजींनी ती साखळी एकतीस वर्षे ओढली.

कवडूजींचे वडील गावातल्या महाल भागात हातमागावर लुगडी विणत. त्यांना भूक लागली की दुपार होई आणि धोटा दिसेनासा झाला की संध्याकाळ. मग विलायती कापड आले, पाठोपाठ मिलचे आले, आणि तो माग माळ्यावर गेला. मुलगा मिलमध्ये लागला आणि त्याच्या हाती काय आले? तर सबंध गावाची वेळ. कवडूजींनी साखळी ओढली की इतवारी पेठेत चुलीवर डाळ चढे. एकदा त्यांना हिवताप आला आणि दुसऱ्याने भोंगा उशिरा दिला, तर त्या दिवशी निम्म्या गावाचे वरण कच्चे राहिले, असे सांगतात. मी तेवढे वरण चाखलेले नाही, म्हणून खात्री देत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती सांगावी की नाही, याचा मी आठ दिवस विचार केला.

१९०६ च्या जानेवारीत सरकारने देशाला एकच वेळ नेमून दिली. ती आपल्या नागपूरच्या वेळेच्या चौदा मिनिटे पुढे. विलायतेतल्या एका गावच्या घड्याळावरून ती मोजतात. सूर्य आधी आपल्याकडे उगवतो, त्यांच्याकडे पाच तासांनी. तरी वेळ तिकडून इकडे यायची. आपल्या कापसाचे तरी दुसरे काय होते? इथून सुटा जातो आणि छाप मारून, घडी घालून परत येतो. तसाच कच्चा सूर्य आपला आणि पक्की वेळ त्यांची.

तेव्हाच्या मॅनेजरसाहेबांनी भिंतीवर दोन घड्याळे लावली. काम सुरू होताना नवी सरकारी वेळ पाहायची आणि काम सुटताना जुनी नागपूरची. म्हणजे सकाळी आपण साम्राज्याची प्रजा आणि संध्याकाळी इथले रहिवासी. मधली चौदा मिनिटे कोणाची? ती मुंबईत राहणाऱ्या भागीदारांची, ज्यांनी आपला भोंगा कधी ऐकलेला नाही.

हीच युक्ती दुपारच्या अर्ध्या तासालाही लावायची होती. काम थांबायचे जुन्या बाराला, म्हणजे उशिरा. आणि पुन्हा सुरू व्हायचे नव्या साडेबाराला, म्हणजे लवकर. तीस मिनिटांची सोळा उरली असती. हुकूम इंग्रजीत होता. त्याची मराठी नोटीस करायचे काम नव्याने लागलेल्या, कॉलेजातून ताज्या आलेल्या एका कारकुनाकडे आले. त्याने लिहिले, "सुरू होण्यास नवी वेळ, संपण्यास जुनी वेळ. दुपारच्या सुटीसही हाच नियम."

कवडूजींनी ती नोटीस त्या कारकुनाकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाले, "म्हंजे सुटी सुरू व्हाले नवा टाइम, अन् सुटी सराले जुना. असंच ना जी?"

कारकून म्हणाला, "लिहिलंय तसं."

काय सुरू व्हायचे, काम की सुटी, हे नोटिशीत नव्हते. कवडूजींनी सुटी धरली. लवकर सोडले, उशिरा बोलावले. सुटी झाली चव्वेचाळीस मिनिटांची. आणि गंमत अशी की सकाळ-संध्याकाळ मिळून कापलेली चौदा मिनिटे दुपारी जशीच्या तशी परत मिळाली. कोणाला एक मिनिट कमी नाही, एक जास्त नाही. सरकारी तिजोरीतसुद्धा इतका चोखपणा नसेल.

तीन आठवडे हे चालले. जुन्या मंडळींना आठवत असेल. लोक जेवले, पान खाल्ले, निंबाखाली आडवे झाले. एरवी भोंग्यामुळे अर्धवट राहणारी भांडणे त्या तीन आठवड्यांत निकाली लागली. पंचफुलाबाई मिलच्या फाटकापाशी गरम भाकर आणून देऊ लागल्या. चौथ्या आठवड्यात साहेबांनी फाटकाबाहेर दोन माणसांना निवांत पत्ते पिसताना पाहिले, आणि चौकशी बसली.

कवडूजींनी सांगितले, नोटिशीत होते तसे केले. साहेबांनी कारकुनाला विचारले, नोटीस बरोबर आहे का? कारकून म्हणाला, "होय साहेब, शब्दाला शब्द आहे." हे खरे होते. इतके खरे बोलून इतका खोटेपणा मी त्यानंतर कधी केलेला नाही.

तो कारकून मीच. कवडूजींच्या सर्व्हिसबुकात इंग्रजीत शेरा पडला, की हा इसम वेळेच्या बाबतीत भरवशाचा नाही. त्यांनी मला विचारले, काय लिहिले? मी म्हणालो, साहेबांच्या मते तुमचा वेळेशी फारसा संबंध नाही. ते म्हणाले, "खरं हाय जी. टाइम सायबाचा, मी तं फकस्त साखळी ओढतो."

दोन घड्याळांचा गोंधळ पुढे सहा महिन्यांत साहेबांनाही झेपेना, आणि जुने घड्याळ खाली उतरले. शेरा मात्र राहिला. कवडूजी कधी बॉयलरवरचे मुकादम झाले नाहीत. पोरेसोरेही त्यांना 'उलटा भोंगा' म्हणत, आणि ते हसत.

मी ती ओळ मुद्दाम तशी लिहिली की नकळत? मित्रहो, तेवीस वर्षे मी स्वतःला हे विचारतो आहे. मुद्दाम लिहिली असेल तर मी थोडा शूर होतो आणि मग फार भित्रा निघालो. नकळत लिहिली असेल तर नुसताच भित्रा. दोन्हीकडून भित्रा येतोच, म्हणून मी हिशेब सोडून दिला.

पण आज गप्प बसणे शक्य नाही. कवडूजींना कळमेश्वरच्या जिनिंग कारखान्यात घंटा देण्याचे काम मिळण्याजोगे आहे. त्यांना इथला दाखला हवा. दाखला परवा निघेल, आणि नियमाप्रमाणे त्यात तो शेरा उतरेल. वेळेचा भरवसा नसलेल्या माणसाला घंटेजवळ कोण उभे करील? म्हणून अध्यक्षमहाराजांना माझी जाहीर विनंती आहे, की तो शेरा कवडूजींच्या नावावरून खोडावा आणि माझ्या नावावर चढवावा. जागा माझ्या सर्व्हिसबुकात भरपूर आहे. त्यात आजवर फक्त 'समाधानकारक' असे लिहिलेले आहे, आणि ते वाचून मला कधी समाधान झाले नाही.

कवडूजी, तुम्हाला आणि पंचफुलाबाईंना सुखाचे, सावकाश जेवणाचे दिवस येवोत. आपण सर्वांनी उन्हात बसून ऐकले, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात कोणाचा मान राहिला नसेल, काही अधिकउणे गेले असेल, तर लिहिणाऱ्याने बोलायला गेल्याचा तो दोष समजून पोटात घालावा.

इथे भाषण संपले. सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या त्या मॅनेजरसाहेबांनी. माझा हात दाबून 'व्हेरी नाइस' म्हणाले, आणि कवडूजींना हार घालून मोटारीत बसले. लोक येऊन माझी पाठ थोपटत होते. मला हलके वाटत होते. खोटे कशाला लिहू, जरा मोठेही वाटत होते.

पटांगण रिकामे झाल्यावर कवडूजी जवळ आले. हार काढून हातात धरला होता.

"बाबूजी, सायबाले समजलं काय?"

म्हटले, नाही. त्यांना मराठी येत नाही.

त्यांनी हाराचा सुटलेला दोरा बोटाने आत खोवला. रागावले नव्हते, खरोखरच विचारत होते.

"मंग तुमी कोनाले सांगतलं जी?"

उद्या : दाखला लिहिला जाण्याआधी हे सगळे इंग्रजीत उतरवून, खाली सही करून, साहेबांच्या हातात देणे.