अर्ध्या साखरेचं प्रमाण

रक्त तपासायला आलेले शिंपीकाका सकाळपासून उपाशी बसले होते. शेजारच्या बाकावर दोघी जावा होत्या. तपासणी थोरलीची होती. काकांच्या पोटात कावळे ओरडत होते आणि त्या दोघींचं बोलणं नेमकं जेवणावरच आलं.

“काल सणाचा एवढा स्वयंपाक केला, पण पथ्य मोडलं नाही मी. गोडात साखर निम्मीच घातली.”

“हो ताई, बघितलं मी.”

“कुणाला कळलंसुद्धा नाही. वन्संनी तर प्रमाण लिहून नेलं. म्हणून मीही तीन वाट्या खाल्ल्या, अगदी बिनघोर.”

“ताई, आज तपासणी राहू दे का? पुढच्या आठवड्यात येऊ.”

“का? उपाशीपोटी आलेय की.”

“तुम्ही कपडे बदलायला गेलात ना, तेव्हा मी चव घेतली. अगदीच मिळमिळीत लागलं. पाहुणे काय म्हणतील, म्हणून राहिलेली साखर मी घातली.”

“किती?”

“सगळी.”

शिंपीकाका उगाच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

“आणि मी तीन वाट्या खाईपर्यंत मूग गिळून बसलीस?”

“किती महिन्यांनी तुम्ही पोटभर खात होतात. अडवायला जीभच उचलेना.”

आतून पुढच्या नंबराची हाक आली. थोरली उठली आणि तिने पर्स धाकटीच्या मांडीवर ठेवली.

“मी रक्त देऊन येते. तोवर तू वन्संना फोन लाव. त्यांच्याकडे आज तीस माणसं जेवायला आहेत.”