चर्चच्या भिंतीवरचा पाव

जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या कॅथेड्रलबाहेर रांगेत उभी होते. मागून चक्क मराठी ऐकू आलं. सासरे आणि सून.

"वल्लरी, तू जाऊन ये. या आठवड्यातलं हे सहावं चर्च. मी नाही येत."

"अहो बाबा, आता दाराशी आलोय."

"थांब. भिंतीवर हे गोल कसले कोरलेत?"

"नक्षी असेल."

"नक्षी कसली? माप आहे ते. तीस वर्षं वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होतो मी."

"चर्चच्या भिंतीवर मापं कोण कोरेल, बाबा?"

"समोर बाजार भरतोय, दिसत नाही? बघ तुझ्या फोनमध्ये."

"हं, सापडलं... तेराशे सतरा साल... पावाचं माप! बेकरने पाव लहान केला की गिऱ्हाईक तो इथे लावून बघायचं. बाबा, कमाल आहे तुमची!"

"मग! आमचे दुकानदार म्हणायचे, 'साहेब, देवाशप्पथ माप बरोबर आहे.' इथे देवाच्याच भिंतीला लावून बघत होते!"

"आता काय, फोटो काढून परत जायचं?"

"परत कशाला? चल, पुढे सरक."

"पण तुम्ही येणार नव्हतात ना?"

"हे आमच्याच खात्याचं ऑफिस आहे, हे आधी सांगायचं नाही का?"