लिहिलेलं आणि केलेलं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या मशीद-समितीचे प्रमुख आणि येत्या आठवड्यात ज्यांचं हजला निघायचं ठरलंय ते आदरणीय शा युंगफू. व्यासपीठावरचे, आसपासच्या वस्त्यांमध्ये इमाम म्हणून नमाज पढवणारे वडीलधारे आहोंग. ज्यांच्यामागे उभं राहून आपण नमाज पढलो आणि ज्यांना आज निरोप देतो आहोत ते आपले दिंग आहोंग. पडद्यापलीकडे बसलेल्या माता-भगिनी. आणि मटणाचा वास सुटल्यापासून ज्यांचं लक्ष दाराकडे लागलंय ते माझे तमाम शेजारी, सर्वांना सलाम.

मी मू चांगहाय. नूडल्स ओढून विकतो. विद्वानांच्या पंक्तीत मला का उभं केलं? विद्वानांना इथेच राहायचंय, म्हणून ते बोलायला तयार होईनात.

आहोंगांची मुदत तीन वर्षांची. ती संपली की वस्ती त्यांना आग्रहाने ठेवून घेते, नाहीतर गळ्यात लाल पट्टी घालून पोचवून येते. आपण पट्टी घातली. कारण विचारलं तर समितीतून उत्तर आलं, ‘‘लिहिलेलंच होतं.’’ मंडळी, आहोंगांना निरोप द्यायचा म्हणून बैठकीत वर झालेले हात मी पाहिले. ते फरिश्त्यांचे नव्हते. एकाच्या बाहीला तर कोकराची चरबी लागलेली होती.

अध्यक्षसाहेब, पुढचं सांगू ना? काल तुम्हीच म्हणालात, ‘‘मू, उद्या झाकून काही ठेवू नकोस.’’ मान हलवलीत. आभारी आहे.

गेल्या हिवाळ्यात शा साहेबांचा मेंढ्यांचा ट्रक घाटात उलटला आणि चालक हाय वेनबिन जागीच गेला. निघण्याआधी तो मालकाला म्हणाला होता, ‘‘ब्रेक लागत नाहीत नीट.’’ मालक म्हणाले होते, ‘‘बाजार चुकेल. अल्लाहवर भरवसा ठेव आणि चल.’’ दफनाच्या दिवशी तेच मालक म्हणाले, ‘‘लिहिलेलं कोण पुसणार?’’ आपण सगळ्यांनी माना डोलावल्या. सोपं होतं ते.

हजला जाणारा माणूस आधी घरोघर जाऊन माफी मागतो आणि ती तोंडी मिळवतो, ही आपली रीत. वसंत संपता संपता शा साहेब तळलेल्या रोट्यांची टोपली घेऊन वेनबिनच्या बायकोच्या, तुओ श्युलान वहिनींच्या दारात उभे राहिले. माझं दुकान समोरच. कान झाकावेत तर दोन्ही हात पिठात.

‘‘वहिनी, हजला निघालोय. माफी द्या.’’

‘‘कशाची?’’

‘‘कशाची म्हणजे? रीतच आहे ना.’’

‘‘तुमच्या हातून काय झालं?’’

‘‘माझ्या हातून कुठे काय? लिहिलेलं होतं ते झालं.’’

‘‘मग माझ्या दारात कशाला आलात, भाऊ? ज्याने लिहिलं त्याच्याकडे निघालाच आहात. त्यालाच विचारा.’’ दार लागलं. रोट्या बाहेर, शा साहेबही बाहेर.

तिथून ते तडक आहोंगांना घेऊन माझ्या दुकानात आले. म्हणाले, ‘‘आहोंग, तुम्हीच समजवा तिला. ती बाई तकदीर मानत नाही. अहो, इमानाचा भाग आहे हा!’’

आहोंगांनी चहाच्या पेल्यातली खडीसाखर हलवली. ‘‘मानते की. नवऱ्याच्या मयतीत ती म्हणाली, त्याची घटका तिथेच होती. कुरकुर केली नाही.’’

‘‘मीही तेच म्हणतोय!’’

‘‘तिने ते दुःख पेलायला म्हटलं, शा दादा. तुम्ही ओझं टाकायला म्हणताय.’’

‘‘घटका लिहिलेली होती की नव्हती? एक काय ते सांगा.’’

‘‘होती. त्या पहाटे तुम्ही ती वाचली होती का?’’

‘‘मी कशी वाचणार?’’

‘‘मग न वाचलेल्याच्या भरवशावर गाडी कशी सोडलीत? तुमच्यासमोर ब्रेक होते आणि बाजार होता. अल्लाहचं ज्ञान अफाट आहे, पण त्याने तुमचा हात धरला नव्हता. निवडलंत तुम्ही.’’

शा साहेब चहा न पिता उठले. पुढच्याच बैठकीत ते मघाचे हात वर झाले.

मोठमोठ्या पंडितांनी या प्रश्नावर शतकानुशतकं वाद घातलाय. त्याला हात घालायची माझी लायकी नाही. मला एवढंच कळतं, की आम्ही नफा झाला की आपली हुशारी सांगतो आणि अपघात झाला की तकदीर. अल्लाहच्या वाट्याला आम्ही फक्त नुकसानच ठेवलंय. याला काय भक्ती म्हणायचं?

पण परवा शा साहेब पुन्हा त्या दारात आले. रोट्या नव्हत्या, सोबत कुणी नव्हतं. म्हणाले, ‘‘वेनबिनने मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. ते मी केलं.’’

वहिनींनी या वेळी दार लावलं नाही. मग म्हणाल्या, ‘‘हे ऐकायला मी हिवाळ्यापासून थांबले होते. माफीचं मात्र मला अजून जमत नाही. उद्या या.’’

ते काल गेले. आज सकाळीही गेले. अजून जमलेलं नाही. माफी मिळाली नाही तर यंदा निघणार नाही, असं त्यांनी घरी सांगितलंय. ते आहोंगांकडेही गेले, मुदत वाढवतो म्हणाले. आहोंग म्हणाले, ‘‘नदीपलीकडच्या वस्तीला शब्द दिलाय. माझ्या तोंडाने दिलाय, तो पाळायला हवा.’’

तेव्हा बंधूंनो आणि भगिनींनो, हात जोडून नव्हे, पण अगदी मनापासून एक मागणं आहे. जेवताना, घरी जाताना श्युलान वहिनींना कुणी समजवायला जाऊ नका. ‘द्या की आता, माणूस हजला निघालाय’ असं एकीनेही म्हणू नका. त्या देतील किंवा देणार नाहीत. त्यांच्या मनाचा तेवढा अधिकार त्यांच्याकडेच राहू द्या.

आहोंग, तुम्ही आम्हाला खूप शिकवलंत. त्यातलं फार थोडं आम्ही ऐकलं. आपले आभार. अध्यक्षांचे आभार, त्यांनी मला मध्येच खाली बसवलं नाही. आणि तुम्हा सर्वांचे आभार. माझ्या बोलण्याने कुणाचं मन दुखावलं असेल, तर ‘जाऊ दे, त्याच्या नशिबातच जीभ तिखट’ म्हणून सोडून देऊ नका. बोललो मी आहे. माफ करणार असाल, तर मला करा.