मागच्या सीटसाठी

देवमन : डोये मिटा अन सांगा महादेवराव, आता कोनता वाजून राह्यला?

महादेवराव : रेडिओ.

देवमन : रेडिओ तं तुमच्या फियाटीतलाच हाय. स्पीकर इचारून राह्यलो मी. हा आठ इंची गोल. तबला, ढोलकी, म्हाताऱ्याचा खोकला, सारं भारी निंघते. हा लहाना. सनई, बायायचं गानं, असा बारीक कामाचा. ढोलकी आली का फाटते बिचारा. अन हा लंबगोल, मधल्या सुनेवानी. साऱ्यायचं थोडं थोडं करते, तक्रार नाई.

महादेवराव : अन थो भोंगा?

देवमन : थो इलेक्शनचा! तुमच्या गाडीत लावला तं बाळापूरपरेंत लोकं मतं देत उभे राह्यतीन.

महादेवराव : कोनताई बसवा. मागं बसवा.

देवमन : मागं? मागच्या साली तुमीच म्हनले, रेडिओ चालवनाऱ्यासाठी असते. अन गरज काय? शालू हाय ना. बापाजोळ पुढं बसते, आयकते, मागं वयून मायले सांगते. मागून वैनी, "काय म्हनते वं थो?" अन पोरगी, "थांब, बोलू दे त्याले, मंग सांगतो." कावून, आज आनली नाई?

महादेवराव : गेली.

देवमन : सासरी? अन आमाले पेढा नाई?

महादेवराव : पोयाच्या सनाआंधी. ताप होता.

(देवमन रेडिओ बारीक करतो.)

महादेवराव : आठ इंची मावते का मागच्या फळीत?

देवमन : मावते. सारेच मावतात. महादेवराव, वैनीले पुढंच बसवा ना आता. स्पीकर कायले?

महादेवराव : पयले गावाच्या लाजेनं बसे नाई. नवऱ्याच्या बाजूले बसून मिरवते म्हनतीन. आता म्हनते, थे शालूची जागा हाय.

देवमन : (गाडीत मागे बसलेल्या वच्छलाला) वैनी, उतरत नाई का? चहा सांगतो.

वच्छला : नको.

देवमन : बरं, बसल्या जागी आयका. हा पाहा... अन आता हा. कोनता बरा?

वच्छला : कोनताई.

देवमन : दोन्ही सारखेच वाजले?

वच्छला : वाजले.

देवमन : लंबगोलच लावतो, महादेवराव. बोलनाऱ्याचा आवाज त्यात साफ येते. पन तुमच्या रेडिओत जोर एकाच स्पीकरचा हाय. दोन लावले का दोन्ही कन्हतीन.

महादेवराव : मंग पुढचा काढा.

देवमन : इंजिनाच्या घरघरीत तुमाले शब्द आयकू येनार नाई.

महादेवराव : मले काय आयकाचं हाय आता.

(गाडी बाळापूरच्या रस्त्यावर. मागच्या फळीत रेडिओ सुरू.)

महादेवराव : वाजते?

वच्छला : वाजते.

महादेवराव : गानं हाय?

वच्छला : नाई. शेतकऱ्यायचं.

महादेवराव : काय म्हनते?

(वच्छला मागच्या फळीकडे कान करते.)

महादेवराव : मले इथं नुसतं इंजिन आयकू येते. काय म्हनते थो?

वच्छला : आभाय येईन म्हनते.

महादेवराव : कधी? कापसाच्या वेचनीले बाया सांगून ठेवल्या मी.

वच्छला : थांबा. बोलू द्या त्याले, मंग सांगतो.